प्रस्तावना : हीव, ऊन, पाऊस

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ऋतूंना, नक्षत्रांना, पेरणी-काढणीच्या दिवसांना लोक जे शब्द वापरतात, ते या पुस्तकात एकत्र आले आहेत. मिरग आहे, रोहिण्या आहेत, सुगी आहे, येळवस आहे, तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस आहे. अर्थ ज्याच्या त्याच्या जागी दिलेले आहेतच. मला सांगायचं आहे ते या शब्दांच्या कुळाबद्दल : ते कुठून आले, वाटेत काय सांडलं, आणि या मातीत आल्यावर त्यांना कोणता नवा अर्थ चिकटला. सुरुवात करतो एका लहानशा, बोलण्यातून मागे पडत चाललेल्या शब्दापासून. हीव.

रब्बीच्या दिवसांत रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला म्हातारा शेतकरी अजून ‘लई हीव सुटलंय’ म्हणतो. अंगात कापरं भरून ताप चढला की ‘हीव वाजून आलं’ म्हणतात. शहरात ‘थंडी’ने हा शब्द बाजूला सारला, पण तो संपला नाही. हिवाळ्यात तो आहे, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ या सरकारी पाटीवरही आहे.

बाल्टिक समुद्राच्या काठी लिथुआनियात हिवाळ्याला झिएमा म्हणतात. शेजारच्या लाटवियात ज़िएमा. रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन या स्लाव्हिक भाषांत ज़िमा. (हा ज़ उर्दूतल्या ज़मीनमधला.) चेक माणसाला हुडहुडी भरली तर तोही ज़िमा हाच शब्द वापरतो, म्हणजे ऋतूला आणि अंगाला लागणाऱ्या गारठ्याला त्याच्याकडे एकच नाव. झिएमा, ज़िमा आणि हीव हे एकाच शब्दाचे वंशज आहेत.

ऐकायला हे ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटेल. ‘ह’ कुठे आणि ‘ज़’ कुठे? व्युत्पत्तीच्या नावाखाली आपल्याकडे इतकं काही खपवलं जातं की वाचकाने संशय घ्यावा हेच योग्य. म्हणून पुरावा कसा उभा राहतो ते जरा जवळून पाहू.

आधी आपल्या बाजूने. मराठीत दोन स्वरांमध्ये सापडलेल्या जुन्या ‘म’चा ‘व’ होतो. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, कोमलचं कोवळं, भ्रमरचा भोवरा, जामातृचा जावई. याच वाटेने हिमचं हीव झालं. जुन्या लिखाणात ते हींव असं अनुस्वारासह मिळतं; तो अनुस्वार म्हणजे गेलेल्या ‘म’ची राहिलेली खूण. हिमकाल या जोडशब्दाचा हिवाळा झाला. हिवाळ्याचा माग इतका सरळ काढता येतो, कारण एकच नियम सगळ्या शब्दांना सारखा लागतो. फ्रेंच भाषापंडित ज्यूल ब्लॉक यांनी १९२० साली मराठीच्या घडणीवर प्रसिद्ध केलेला ग्रंथ याच पद्धतीवर उभा आहे, आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६च्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’नेही मराठी वाचकाला हीच वाट दाखवली.

आता पलीकडच्या बाजूने. संस्कृतात जिथे विशिष्ट प्रकारचा ‘ह’ आहे, तिथे स्लाव्हिक भाषांत ज़ आणि लिथुआनियनमध्ये झ येतो. हे एका शब्दापुरतं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण आपला हंस लिथुआनियनमध्ये झाँसिस आहे, हंसकुळातला पाळीव पक्षी. हिरण्य म्हणजे सोनं. रशियनमध्ये सोन्याला ज़ोलोतो. संस्कृत वह्, म्हणजे आपलं वाहणं, ओझं वाहून नेणं; रशियनमध्ये वाहनाने वाहून नेण्याला वेज़ती. ओळच्या ओळ अशी जुळत जाते, आणि त्याच ओळीत हिम आणि ज़िमा समोरासमोर बसतात. पुढे ग्रीकमधला खेइमोन, लॅटिनमधला हिएम्स, इराणी शाखेतला ज़म आणि त्यावरून झालेला फारसी ज़मिस्तान, सगळे हिवाळेच. हित्ती भाषेच्या मातीच्या विटांवरचा गिम्मन्त तर आपल्या हेमंताशी थेट ताडून पाहता येतो. चेक अभ्यासक बेद्रिख ह्रोज़्नी यांनी १९१५मध्ये हित्तीचा उलगडा केला आणि या भाषाकुळातला हा सर्वांत जुना लिहिलेला हिवाळा हाती आला.

भाषा नात्यातल्या आहेत असं विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन होत्या. बाल्टिक आणि स्लाव्हिक भाषांचं मोल पुढच्या शतकात नीट कळलं. लिथुआनियनमधलं पहिलं छापील पुस्तक १५४७चं, म्हणजे ऋग्वेदाच्या मानाने अगदी कालपरवाचं, पण भाषेचा सांगाडा इतका जुना की संस्कृतच्या अभ्यासकाला तिच्या दारातून आत जावंच लागतं. रशियन माणूस ज़िमा म्हणताना जोर शेवटच्या स्वरावर देतो, पण हिवाळ्याला या अर्थाचं कर्माचं रूप म्हणताना तोच जोर उडी मारून पहिल्या स्वरावर येतो. लिथुआनियनमध्येही याच दोन रूपांत जोराची हीच उडी आहे. या दोन शाखा वेगळ्या होऊन हजारो वर्षं झाली. शब्द राहिलाच, पण म्हणण्याची लकबही राहिली. म्हणूनच अभ्यासक त्यांचा एक समाईक पूर्वज मांडतात, ‘*झेइमा’ असा काहीसा. मागचा तारा म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, लेकरांच्या चेहऱ्यावरून आजोबाचा चेहरा काढावा तसा तो काढलेला आहे. त्याहून मागे इंडो-युरोपीय मूळ, ‘*घेइम’च्या जवळचं. तिथे आपला हिम आणि त्यांचा ज़िमा एकत्र येतात.

या कहाणीतला एक दुवा मला फार मोलाचा वाटतो. बाल्टिक शाखेत जुनी प्रशियन नावाची आणखी एक भाषा होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती बोलणारं कुणी उरलं नाही. तिच्यातले ऋतूंचे शब्द तरीही आपल्याला माहीत आहेत, कारण १४००च्या सुमारास कुणीतरी ८०२ शब्दांची जर्मन-प्रशियन यादी उतरवून ठेवली. एल्बिंगची शब्दयादी म्हणतात तिला. वाक्य नाही, गाणं नाही, नुसते शब्द. त्यात हिवाळ्यासाठी सेमो आहे : झिएमा-ज़िमाचा सख्खा भाऊ. उन्हाळ्यासाठी दागिस, ज्याचा धातू संस्कृत दह्, म्हणजे आपल्या दाहाचा आणि उन्हाळ्याला संस्कृतात निदाघ म्हणतात त्यातला. उष्म्यासाठी गोर्मे, तो संस्कृत घर्म आणि म्हणून मराठी घाम. सुगीच्या ऋतूसाठी अस्सानिस, त्याची बहीण रशियनमधली ओसेन्य. मूळ हस्तलिखित दुसऱ्या महायुद्धात नाहीसं झालं. तोवर ते छापून झालं होतं म्हणून वाचलं. देगलूर-उदगीरकडचे शब्द गोळा करणाऱ्याला ‘यातून काय निघणार?’ असं कुणी विचारलं तर ही यादी दाखवावी.

शब्द टिकला, पण अर्थ तसाच राहिला का? हिम म्हणजे बर्फ. नांदेड-लातूरच्या माणसाने आकाशातून बर्फ पडताना पाहिलेला नाही. नेपाळीत हिउँ म्हणजे आजही बर्फच, आणि हिउँद म्हणजे हिवाळा. हिमालयाच्या कुशीत शब्दाला त्याचा मूळ पदार्थ रोज दिसत राहिला. दख्खनच्या पठारावर उतरल्यावर बर्फ मागे राहिला आणि शब्दात उरला तो फक्त गारठा. पुढे प्रत्यक्ष बर्फ नावाची वस्तू समोर आली तेव्हा तिला आपण फारसीतून ‘बर्फ’ हे नाव घेतलं. स्वतःच्या घरात बर्फाचा शब्द होता, तो थंडीच्या कामाला लागलेला होता. गुजराती आणि राजस्थानीने तर हिमाला रजाच दिली : त्यांचा शियाळो, सियाळो शीतकालावरून आला. मराठीने मात्र हिम धरून ठेवला. लाटवियन भाषेत उत्तर दिशेला ज़िएमेल्यी म्हणतात, हिवाळ्याची दिशा. आपल्याही उत्तरेला हिमाचं आलय आहेच.

ऋतूच्या शब्दाला बाप दोन असतात असं मला वाटतं. आवाज पूर्वजांकडून येतो आणि अर्थ जमिनीकडून. एकाकडेच पाहिलं तर शब्द अर्धाच कळतो. याची सगळ्यात सुंदर साक्ष वय मोजण्यात आहे. लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या जनावराला बीमुस म्हणत, आणि त्या शब्दाच्या पोटात हिवाळा दडलेला आहे : दोन हिवाळे काढलेलं. ऋग्वेदात दीर्घायुष्य मागताना कुठे शंभर हिम मागितले आहेत, कुठे शंभर शरद. रशियन माणूस वय सांगताना वर्षांच्या जागी जो शब्द वापरतो तो मुळात ‘उन्हाळे’ असा आहे; त्या प्रदेशात उन्हाळा लहान आणि हवाहवासा. आणि आपण? ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत.’ वर्ष हा शब्दच वर्षावातून आला. ज्या ऋतूवर जगणं-मरणं अवलंबून, त्याच्यावर माणसं आयुष्य मोजतात. उत्तरेत हिवाळा निभला की जनावर जगलं. इथे पाऊस झाला की माणूस जगला. बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की या भागातली म्हातारी माणसं आजही गप्प होतात, आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं हे तर तेव्हाच्या शाळकरी पोरांनीही पाहिलं आहे.

पाऊस हा शब्द प्रावृष् पासून आला. प्रमधला र गेला, व विरला, ऋचा उ झाला, आणि प्राकृतात पाउस उरला. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त हा पाउस आहे. सातवाहनांचं पैठण मराठवाड्यातलंच, आणि त्या संग्रहातली गोदावरी नांदेडच्या घाटांवरून पुढे जाते. म्हणजे पाऊस हा शब्द याच नदीकाठी दोन हजार वर्षांच्या आसपास नांदतो आहे, जवळपास याच रूपात. उन्हाळ्याचं तसंच : उष्णकाल, मग उण्ह, मग ऊन्ह. तृष्णाची तहान झाली आणि कृष्णाचा कान्हा झाला, तोच हा नियम. आपण नुसतं ‘ऊन’ म्हणतो तेव्हा ह पडतो, पण ‘उन्हात’ म्हणताच तो परत येतो.

इथवरची गोष्ट कुठल्याही मराठी जिल्ह्याची झाली असती. नांदेड आणि लातूरचं वेगळेपण शिवेवर आहे. धर्माबाद-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू सुरू होते, देवणी-निलंग्याच्या पलीकडे कानडी. बाजारात दखनी उर्दू, किनवटकडे गोंडी, तांड्यांवर बंजारा. मराठी माणूस पावसाळा, हिवाळा म्हणतो. तेलुगूत वानाकालम, चलिकालम, आणि उन्हाळ्याला एंडाकालम. कानडीत मळेगाल, चळिगाल. वान म्हणजे पाऊस, मळे म्हणजे पाऊस. एंडा म्हणजे ऊन. चलि-चळि म्हणजे थंडी. शब्दांची पहिली अर्धी अंगं अगदी वेगळ्या कुळातली आहेत, पण शेपूट सगळ्यांचं एक : काल. आमच्यात त्याचा आळा झाला, तेलुगूत कालम राहिला, कानडीत गाल झाला. कुळं वेगळी, पण साचा एक, कारण आभाळ एक आणि बाजारही एक. सुगी हा शब्द तर मराठीने आणि कानडीने वाटूनच घेतला आहे, तिकडे तो सुग्गी.

मग फारसी-अरबीचा थर. शतकानुशतकं दख्खनच्या मुसलमानी सत्तांखाली, आणि शेवटी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तो इथे महसुलाच्या कागदांतून थेट शेतात उतरला. हंगाम फारसी आहे, मोसम अरबी. फसल म्हणजे अरबीत ऋतू, कालविभाग. आपल्याकडे ते पीकच झालं, आणि संस्थानात सालही फसली. खरीप म्हणजे अरबीत शरद ऋतू, रबी म्हणजे वसंत. दोन्ही नावं काढणीच्या ऋतूवरून पडली. शेतकरी मात्र खरीप म्हणताना मिरगाच्या पेरणीचा विचार करतो, कापणीचा करत नाही.

आणि यातही जुनं नातं पुन्हा डोकं वर काढतं. फारसी साल आणि संस्कृत शरद् हे एकाच शब्दाचे वंशज. फारसी गर्म आणि आपला घाम एका घरचे. फारसी बहार आणि आपला वसंत हेही एकाच मुळाचे, आणि त्याच मुळातून रशियन वेस्ना म्हणजे वसंत, लिथुआनियन वासरा म्हणजे उन्हाळा. मोसंबीचा बागायतदार आंबिया बहार, मृग बहार, हस्त बहार म्हणतो. मृग बहार या दोन शब्दांकडे नीट पाहा. मृग हे संस्कृतातलं नक्षत्र, बहार हा इराणातला वसंत, आणि दोन्ही मिळून नाव कशाला, तर जून-जुलैत झाडावर येणाऱ्या फुलोऱ्याला. इराणी माणसाला जूनमध्ये वसंत सांगितला तर तो चकित होईल. आपल्या बागेत तो अगदी बरोबर आहे, कारण झाड त्याच वेळी फुलतं.

या पुस्तकातल्या ज्या एका नोंदीवर मी सर्वांत जास्त रेंगाळलो ती येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या लातूरला लागून असलेल्या भागात त्या दिवशी गाव रिकामं होतं, शहरांतले रस्ते ओस पडतात, सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप बांधतात, आत पांडव म्हणून दगड मांडतात, चुना लावतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मडक्यात आदल्या दिवसापासून आंबत असते. ताज्या शेंगा, हरभरा, तूर, हिरव्या भाज्या आणि बेसन घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. जेवायच्या आधी उभ्या पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात, आणि फेरी घालताना एक हाळी देतात, जिचा मराठीत अर्थ लागत नाही.

कागदोपत्री या सणाचं नाव ‘वेळ अमावस्या’ असं लिहितात. कुणाला त्यात वेळ दिसते, कुणाला वेल. दुसरा एक अर्थ सांगतात तो कानडी एळु म्हणजे सात या शब्दावरून : सातवी अमावस्या. ज्येष्ठापासून मोजलं तर ती सातवी भरते खरी, पण वर्ष ज्येष्ठापासून का मोजायचं याला उत्तर ‘पेरणी तेव्हा होते’ एवढंच देता येतं. मला सरळ वाट वेगळी वाटते. शिवेपलीकडे उत्तर कर्नाटकात नेमक्या याच दिवशी, शेतात जाऊन, पिकावर नैवेद्य शिंपडून जो सण करतात त्याला एळ्ळ अमावास्ये म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. तिकडे शिंपडतानाही अशीच हाळी देतात. सण तोच, दिवस तोच, रिवाज तोच, नाव जवळजवळ तेच. मग नावाचा अर्थ दुसरीकडे का शोधायचा? एळ्ळ अमावस्येची येळवस झाली. पुढे शुद्ध लिहायच्या हौसेने तिची वेळ अमावस्या केली गेली, आणि तीळ नावातून गळून पडला. मराठी माणसाच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या शेतसणाचं नाव कानडी असण्यात मला काही कमीपणा दिसत नाही. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे या लातूरचे अधिपती म्हणवीत, आणि त्यांच्या दरबारात कानडी वाङ्मय वाढलं. इथल्या जमिनीत ही भाषा आधीपासून आहे.

येळवसीच्या उदाहरणातून हे पुस्तक वाचण्याची एक रीतही कळेल. शब्दाचं ‘शुद्ध’ रूप तयार करायची घाई करू नये. मिरग हा मृगाचा बिघाड म्हणून दुरुस्त केला तर एक संस्कृत शब्द मिळेल, आणि मिरग पडला, मिरग साधला, मिरग हुकला हे बोलणं हातचं जाईल. साधारण ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, एवढी माहिती पंचांगातही आहे. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा का म्हणायचं, हे मात्र बोलणाऱ्यालाच माहीत असतं : एक जोरात येतो, दुसरा थकत थकत, रेंगाळत. संकलकांनी शब्द जसा ऐकला तसा लिहिला आहे, एकाच शब्दाची दोन-दोन तीन-तीन रूपं तालुक्यांसह ठेवली आहेत, हे मला या कामातलं सर्वांत चांगलं वाटतं. एल्बिंगच्या यादीतला लेखक आपल्या मनाने प्रशियन शब्द सुधारत बसला असता तर आज सेमोवरून काहीच सिद्ध करता आलं नसतं.

एका गोष्टीची मात्र भर पुढच्या आवृत्तीत पडावी. गेल्या काही वर्षांत ‘अवकाळी’ या विशेषणाचं नाम झालं आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४च्या गारपिटीत मराठवाड्यातली ज्वारी, हरभरा, गहू, द्राक्षं झोपली, आणि त्यानंतर ‘अवकाळी पाऊस’ असं पूर्ण म्हणायची गरजच राहिली नाही. ‘अवकाळी आला’, ‘अवकाळीनं नेलं’, ‘अवकाळीचं अनुदान’ असं लोक बोलतात. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा या तिघांच्या शेवटी जो काळ आहे, तोच या चौथ्यात आहे, फक्त त्याच्या आधी ‘अव’ लागलं आहे. उदगीरच्या मोंढ्यात, नांदेडच्या नव्या मोंढ्यात, पीकविम्याच्या रांगेत हा शब्द कोणत्या वाक्यांत येतो, कोणत्या महिन्यांना लावला जातो, बायका तो कसा वापरतात आणि सालगडी कसा, हे आत्ताच टिपून घ्यायला हवं. तेलुगू आणि कानडी शेजाऱ्यांनी यासाठी कोणता शब्द घडवला आहे, तोही शेजारी लिहावा.